कूलंटची गळती आणि जुनी झेन

जुन्या गाडीचे पाणी कमी होऊ लागले की आपल्याकडचे बहुतेक मालक डिकीत पाण्याची बाटली ठेवतात, दर चार-आठ दिवसांनी बॉनेट उघडून रेडिएटर भरतात आणि पुढच्या वेळेपर्यंत विषय बाजूला सारतात. गाडी चालत राहते, तापमानाचा काटा मध्यावर असतो, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटतही नाही. माझ्याकडे वडिलांनी १९९८ मध्ये घेतलेली मारुती झेन आहे. तिच्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती गेल्या उन्हाळ्यात शोधून दुरुस्त करून घेतली. त्या कामात जे पाहिले आणि शिकलो, ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण गोव्यात साखळी, डिचोली, वाळपई या भागांत एवढ्या वयाच्या गाड्या अजून रोज धावतात आणि केवळ पाणी ओतत राहिल्यामुळे हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवरचे धातूचे झाकण) वाकून त्यांतली एखादी चांगली गाडी भंगारात गेलेली पाहिली की वाईट वाटते.

पेट्रोल खर्च होते, इंजिन ऑइलही थोडेफार जळते. कूलंट मात्र खर्च होण्याचे काही कारण नाही. ते एका बंद वर्तुळात फिरते: वॉटर पंप त्याला इंजिनात ढकलतो, इंजिनाची उष्णता घेऊन ते वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये जाते, तिथे निवते आणि खालच्या पाइपाने परत येते. रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीतून वर्षाकाठी थोडेसे उडून जाते, तेवढे सोडले तर पातळी स्थिर राहिली पाहिजे. ती राहत नसेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर जात आहे किंवा सिलिंडरमध्ये शिरून धुराबरोबर जात आहे, असेच समजावे.

पण गळतीचे खरे नुकसान पाणी जाण्यात नाही, ते दाब जाण्यात आहे, आणि हेच मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसून तो एक दाबाचा व्हॉल्व्ह आहे. माझ्या गाडीच्या झाकणावर ०.९ हा आकडा उमटवलेला आहे. वातावरणाच्या दाबापेक्षा जवळजवळ तेवढाच आणखी दाब आत साठेपर्यंत ते झाकण उघडत नाही, असा त्याचा अर्थ. उघड्या भांड्यात १०० अंश सेल्सिअसला उकळणारे पाणी एवढ्या दाबाखाली सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) असे मिश्रण तर उघड्यावरच १०७ अंशांच्या आसपास उकळते. दाबाखाली त्याला आणखी वाव मिळतो. आता इंजिनाच्या पोटात, विशेषतः एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, धातू सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त तापलेला असतो. दाब नीट असेल तर तिथे द्रव द्रवच राहतो आणि उष्णता उचलून नेतो. दाब निसटला, तर नेमके तिथेच वाफेचे बुडबुडे धरतात, आणि वाफ द्रवासारखी उष्णता नेऊ शकत नाही. म्हणजे एखाद्या टाचणीएवढ्या छिद्रातून दिवसाकाठी चमचाभर पाणी जात असले, तरी त्या छिद्राने सगळ्या इंजिनाचे संरक्षण कमकुवत केलेले असू शकते. वरून ओतलेले पाणी पातळी भरून काढते. दाब भरून काढत नाही.

काट्यावर विसंबणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे तापमान दाखवतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत किंवा हवेत लोंबकळतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा शांतपणे खाली उतरलेला दिसू शकतो. घाटात काटा वर चढता चढता अचानक खाली आला, तर सुटकेचा निःश्वास टाकू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

माझ्या गाडीची लक्षणे अशी होती. सपाट रस्त्यावर काही नाही. केरीहून चोर्ल्याचा घाट चढताना, एसी चालू असला तर, काटा नेहमीच्या जागेपेक्षा थोडा वर जाई आणि चढ संपला की खाली येई. गाडीखाली डाग नसे. मात्र रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीवर गाडी चढवून इंजिन बंद केले, की पाच-दहा मिनिटांत बॉनेटच्या फटीतून एक गोडसर, उग्र वास येई. हा वास एकदा ओळखला की विसरता येत नाही. तो तापलेल्या ग्लायकॉलचा असतो. इंजिन बंद होताच पंप थांबतो, द्रव फिरायचा थांबतो, पण धातूतली उष्णता काही वेळ द्रवात उतरतच राहते, त्यामुळे आतला दाब चालत्या गाडीपेक्षा थोडा वेळ अधिकच वाढतो. लहान गळती अशा वेळीच तोंड उघडते. तेव्हा गळती कधी दिसते, याची नोंद ठेवणे हे ती कुठे आहे याच्या नोंदीइतकेच महत्त्वाचे आहे.

शोधाची सुरुवात गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, करावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये; दाब सुटताच आतले पाणी क्षणात उसळते आणि चेहरा, छाती व हात भाजतात. थंड असताना झाकण उघडून पाहिले तर द्रव काठोकाठ असला पाहिजे. बाटली भरलेली पण रेडिएटर मात्र अर्धा, असे दिसले तर झाकणाकडे संशयाने पाहावे. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात: एक दाब वाढल्यावर द्रव बाटलीत सोडणारा, आणि मधोमध एक लहान, जो इंजिन निवताना बाटलीतला द्रव परत आत ओढून घेऊ देतो. हा दुसरा अडकला, की निवल्यावर आत निर्वात होतो आणि वरचा होज पाइप चपटा पडलेला दिसतो. झाकणाच्या रबराला भेगा असतील किंवा स्प्रिंग सैल झाली असेल, तर बाहेर कुठेही थेंब नसताना पाणी कमी होत राहते. सर्व उपायांत झाकण बदलणे सर्वांत स्वस्त आहे, म्हणून ते आधी तपासावे. पण तपासल्याशिवाय त्याला दोषीही ठरवू नये.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवणे हा जुना आणि चांगला उपाय आहे. गोव्यात मात्र तो वापरताना एक काळजी घ्यावी लागते. आपल्या दमट हवेत एसी हवेतून इतके पाणी काढतो की गाडी थांबवल्यावर त्याच्या नळीतून बराच वेळ धार लागते. हे पाणी पूर्णपणे स्वच्छ, रंगहीन आणि वासहीन असते व डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला पडते. कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागतो, त्याला रंग असतो, आणि वाळल्यावर तो पांढरट-हिरवट पापुद्रा मागे ठेवतो. चाचणीच्या दिवशी एसी बंदच ठेवला, तर हा गोंधळ उरत नाही. शिवाय हे काम पावसाळ्यापूर्वी करावे. जूननंतर गाडीचा तळ कायम ओला राहतो, चाकांनी उडवलेले पाणी सगळीकडे पोहोचते आणि गळतीचे सगळे पुरावे धुऊन जातात.

उलट उन्हाळ्यात आपल्याकडची लाल माती या कामी फार मदत करते. जांभ्या दगडाची ती बारीक धूळ इंजिनावर सगळीकडे सारखी बसते. जिथे ओल असते तिथे ती चिकटून गडद होते आणि द्रव ज्या वाटेने वाहिला ती वाट उमटून राहते. म्हणून गळतीच्या संशयाने गाडी गॅरेजमध्ये नेण्याआधी इंजिन धुऊन चकचकीत करू नये. आधी नीट पाहून घ्यावे, फोटो काढून ठेवावेत, आणि मग हवे तर धुवावे.

मी प्रथम ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तिथे उभ्याउभ्याच रेडिएटर बदलण्याचा सल्ला मिळाला. त्यात दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. जुन्या गाडीच्या मालकाला दुरुस्ती झटपट हवी असते, गॅरेजला वेळ कमी असतो, आणि रेडिएटर हा सर्वांत मोठा, समोर दिसणारा भाग असतो. पण रेडिएटरवर कुठेही डाग नव्हता. त्याचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत. अशा रेडिएटरमध्ये वरच्या टाकीला, पाइपाच्या तोंडाजवळ, उष्णतेने प्लॅस्टिक तपकिरी होऊन चीर पडते, किंवा टाकी व गाभा जिथे जोडलेले असतात तिथल्या रबरातून द्रव पाझरतो. या दोन्ही जागा कोरड्या होत्या. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असता तर तो उघडून, आतल्या नळ्या सळईने साफ करून, फुटका भाग झाळून पुन्हा वापरता आला असता. ते काम करणारे कारागीर अजून आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. प्लॅस्टिकची टाकी मात्र झाळता येत नाही आणि तिच्यावर लावलेला पुट्टीसारखा गिलावा दाबाखाली टिकत नाही.

त्याच ठिकाणी दुसरा उपाय सुचवला गेला तो हळदीचा. रेडिएटरमध्ये हळद टाकली की तिचे कण फुगून छिद्रात अडकतात आणि गळती थांबते, हे खरे आहे. घाटात रात्री अडकलेल्या ट्रक ड्रायव्हरांनी या उपायावर गाड्या घरी आणल्या आहेत. चोर्ल्याच्या घाटात, जिथे फोनला धड रेंजही मिळत नाही, मीही कदाचित तोच मार्ग धरीन. पण गाडी घराच्या दारात उभी असताना तसे करण्याचे कारण नाही. हळदीला छिद्र कोणते आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती हे कळत नाही. ती हीटरच्या गाभ्यात बसते, झाकणाच्या व्हॉल्व्हखाली बसते, आणि पुढे खऱ्या दुरुस्तीच्या वेळी सगळी व्यवस्था अनेकदा धुवावी लागते. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक पावडरी आणि द्रावणे यांच्याबद्दलही माझे मत हेच आहे.

त्यानंतर गाडी फोंड्याकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांच्याकडे गर्दी असते, पण ते एका वेळी एकच गाडी हाती घेतात. मी रेडिएटरचा विषय काढताच ते म्हणाले, "भाऊ, सुटा भाग मागाहून ठरवू. उदक खंय वता तें पयलीं पळोवया." (पाणी कुठे जाते ते आधी पाहू.) त्यांनी प्रेशर टेस्टर आणला. हे उपकरण अगदी साधे असते: एक हातपंप, एक मीटर आणि झाकणाच्या जागी बसणारे तोंड. थंड इंजिनात द्रव काठोकाठ भरून त्यांनी ते तोंड बसवले आणि झाकणावरच्या आकड्याइतका, म्हणजे ०.९ पर्यंत, दाब भरला. त्याहून जास्त भरायचा नसतो, कारण जुने होज आणि हीटरचा गाभा तेवढ्यासाठीच बनलेले असतात. थंड इंजिनावर ही चाचणी करण्यामागे विचार आहे. तापलेल्या धातूवर पडलेला थेंब लगेच उडून जातो. थंड धातूवर तो राहतो.

मीटरचा काटा आधी स्थिर दिसला. चहा होईपर्यंत तो ०.७ च्या जवळ आला होता, आणि तरीही खाली एक थेंब नव्हता. मिस्त्रींनी घाई केली नाही. दाब पुन्हा भरून त्यांनी सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून घेतले, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून एकेका जोडाखाली धरल्या, आणि मग टॉर्च व लांब दांडीचा छोटा आरसा घेऊन इंजिनाच्या मागच्या अंगाला वाकले. गिअरबॉक्सच्या कवचावर लाल धुळीत एक गडद ओघळ होता. ओघळ दिसला तिथे गळती असतेच असे नाही. द्रव वरून उतरतो, ओतकामाच्या कडेकडेने सरकतो, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलला जातो. म्हणून ओघळाचा माग नेहमी वरच्या दिशेने काढायचा असतो. तो काढत ते इंजिनामागून वॉटर पंपाकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपापर्यंत पोहोचले. पाइप जिथे पट्टीने आवळलेला होता तिथे माती आणि ओल वर्षानुवर्षे साचलेली होती. पट्टी सैल करून त्यांनी ती जागा तारेच्या ब्रशने हलकेच घासली, गंजाचा एक पापुद्रा सुटला, आणि त्याखाली आरशात आम्हाला भाताच्या शिताएवढा हिरवा थेंब धरताना दिसला. तो पडत नव्हता. फुगत होता, पसरत होता आणि पुन्हा धरत होता. गरम पाइपावर तो कधी पडलाच नसता. तिथल्या तिथे वाफ होऊन गेला असता. फेरीबोटीवरचा वास आणि कोरडी जमीन या दोन्हींचा उलगडा त्या एका थेंबात झाला.

पाइप काढल्यावर तो आतून पाहिला. बाहेरचा गंज मातीमुळे होता, पण खरी झीज आतून झालेली होती. तपकिरी खपल्यांनी पाइपाचा बराच मार्ग व्यापला होता आणि पत्रा जागोजागी कागदासारखा पातळ झाला होता. पितळी वेल्डिंग करून छिद्र बुजवता येईल का, असे मी विचारले. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचे टोक छिद्रापासून वीतभर लांब टेकवून किंचित दाबले आणि तिथेही ते आत गेले. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची पातळ जागा उघडते आणि मग ठिगळाशेजारी ठिगळ लागत जाते, हे त्यांना शब्दांत सांगावे लागले नाही. झेनचे उत्पादन २००६ मध्ये थांबले असले तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. हा पाइप बेळगावच्या एका दुकानातून आणला.

नवा पाइप बसवताना दोन बारकाव्यांनी माझे लक्ष वेधले. पंपाच्या बाजूला पाइप एका रबरी ओ-रिंगवर बसतो. ती रिंग बसते ती खाच बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ केली नाही, तर नवी रिंगही काही महिन्यांत गळू लागते. आणि रिंग सरकावी म्हणून तिला ग्रीस लावले जात होते ते मिस्त्रींनी पोऱ्याला थांबवून पुसायला लावले व त्याऐवजी कूलंटचेच बोट फिरवले. कूलंटच्या वाटेतले रबर बहुधा खनिज तेल सहन करणारे नसते. ते फुगते आणि मऊ पडते. होज पाइपांचेही तेच. वरचा, खालचा आणि हीटरचे दोन्ही होज आम्ही दाबून पाहिले. चांगला होज दाबल्यावर घट्ट आणि लवचीक लागतो. जो चिकट व फुगीर झाला आहे किंवा दाबताच आतून चरचरतो, तो बदलावा. होजची टोके विशेष पाहावीत, कारण क्लिपजवळ तो आधी चिरतो. क्लिप आवळताना ती धातूच्या तोंडावरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला आली पाहिजे, आणि रबर क्लिपच्या खाचांतून वर येईपर्यंत आवळू नये. त्याने होज कापला जातो. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि हेच होज कुरतडतात, तेव्हा महिन्यातून एकदा तेवढी नजर टाकलेली बरी.

पुन्हा दाब भरला. काटा हलला नाही. गाडी घरी आणली आणि काही दिवसांनी पुठ्ठ्यावर टायमिंग बेल्टच्या बाजूला लहानसा हिरवा डाग दिसला. यात निराश होण्यासारखे काही नव्हते, उलट हे अपेक्षितच होते. इतकी वर्षे एका छिद्रातून दाब निसटत होता, त्यामुळे बाकीच्या कमजोर जागांवर ताण येत नव्हता. दाब पूर्ववत झाला की त्यानंतरची सर्वांत अशक्त जागा पुढे येते. जुन्या गाडीच्या मालकाने एका दुरुस्तीनंतर दुसरी गळती दिसली म्हणून पहिल्या मिस्त्रीला दोष देऊ नये. इथे ती जागा वॉटर पंपाची होती. पंपाच्या खालच्या बाजूला एक छोटे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते; आतले सील झिजले की द्रव बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या छिद्रातून बाहेर येऊन सूचना देतो. ते छिद्र कधीही एम-सील लावून बंद करू नये. पुली हाताने हलवून पाहिली तर तिच्यात किंचित खेळ होता, म्हणजे बेअरिंगही संपत आले होते. या इंजिनात पंपापर्यंत पोहोचायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून मजुरी एकदाच पडावी या हिशेबाने बेल्टही नवा घातला.

हेड गॅस्केटविषयी, म्हणजे हेड आणि त्याखालचा इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलविषयी, वेगळे लिहायला हवे, कारण पाणी कमी होते म्हटले की कोणीतरी "गॅस्केट गेले" असे सांगतोच आणि मालकाचा धीर सुटतो. गॅस्केट गेल्याची लक्षणे ठरलेली आहेत. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे सतत येत राहतात. इंजिन गरम होण्याआधीच वरचा होज दगडासारखा टणक होतो. धूर पांढरा आणि गोडसर वासाचा असतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. एखादा स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा फारच स्वच्छ निघतो. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची चाचणी असते: रेडिएटरमधली हवा त्या द्रावणातून ओढली, आणि तीत जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असला, की निळा रंग पिवळा होतो. मात्र ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला एवढ्यावर गॅस्केटचा निकाल देऊ नये. गोव्यातल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, जी गाडी रोज फक्त बाजारापर्यंत जाऊन परत येते तिचे इंजिन पुरते तापतच नाही आणि बाष्प ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ होऊन बसते. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर आधी गाडी लांबवर चालवून आणावी आणि पुन्हा पाहावे. माझ्या गाडीत निळे द्रावण निळेच राहिले.

झेनचे हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून गाडी एकदा उकळली, की बॉनेट उघडून इंजिनावर थंड पाणी ओतण्याइतका घातक उपाय दुसरा नाही. इंजिन आपोआप निवू द्यावे, त्याला अर्धा-पाऊण तास लागला तरी चालेल. पंखा इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांत सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवावा.

आता मूळ कारणाकडे येतो. पाइप आतून का गंजला? कारण बरीच वर्षे त्यात साधे विहिरीचे पाणी होते. "गोव्यात बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला?" हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो अर्धवट माहितीवर उभा आहे. ग्लायकॉल पाण्याला गोठू देत नाही हे त्याचे एक काम झाले. आपल्याला लागतात ती त्यातली गंजरोधक रसायने आणि वाढलेला उत्कलनबिंदू. एकाच द्रवात लोखंड, ॲल्युमिनियम आणि कुठे तांबे बुडालेले असते, तिथे साधे पाणी या धातूंना एकमेकांविरुद्ध झिजवते. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारेपणा असेल तर नुकसान आणखी वेगाने होते. लोखंडी ब्लॉक असलेल्या गाड्यांत हीच झीज ब्लॉकच्या डमी प्लगमधून (ब्लॉकच्या ओतकामातली छिद्रे बंद करणाऱ्या पत्र्याच्या झाकणांतून) बाहेर पडते, आणि मागच्या बाजूचा डमी बदलायला कधी कधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. कूलंट घेताना डब्यावर जेआयएस के २२३४ या जपानी मानकासारखे मानक लिहिलेले आहे का ते पाहावे, घट्ट (पाणी न मिसळलेला) कूलंट असेल तर त्यात डिस्टिल्ड पाणीच मिसळावे, तयार मिश्रण असेल तर आणखी पाणी घालू नये, आणि हिरवा, लाल, निळा असे वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. साधा हिरवा कूलंट दोन-तीन वर्षांत बदलावा. रंग टिकला तरी गंजरोधक रसायने तोवर संपलेली असतात.

भरण्याची रीत दुरुस्तीइतकीच महत्त्वाची आहे. आत हवा अडकून राहिली तर सगळे नवे भाग घालूनही इंजिन तापते. हीटरची मूठ गरमवर ठेवून, गाडीचे नाक चढाकडे करून द्रव अगदी सावकाश ओतला. मग झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले. बुडबुडे येत राहिले, पातळी उतरत गेली तशी भरत गेलो, आणि ८० अंशांच्या पुढे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) उघडला तेव्हा खालचा होज एकदम गरम झाला आणि पातळी शेवटची एकदा खाली गेली. ती भरून झाकण लावले. बाटलीवर थंड पातळीची खूण मार्करने केली. त्या खुणेशी रोज सकाळी ताडून पाहणे हीच दुरुस्तीची खरी परीक्षा असते.

काढलेला जुना कूलंट गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरे तो चाटतात, आणि ग्लायकॉलने त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरतात. आमचा जुना कूलंट मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून मिस्त्रींकडे परत नेला. ते वापरलेल्या ऑइलबरोबर तो नेणाऱ्याकडे देतात. हीटरचा एक होज अजून जुनाच आहे, कारण हवा त्या वळणाचा दुकानात नव्हता. तो आला की पावसाच्या आधी बसवून घ्यायचा आहे.